लाल घ्यायचं की हिरवं

सांडोर, वसई
६ एप्रिल २०२४

चि. परेश,
अनेक आशीर्वाद.

जहाजावर चढल्याचा तुझा मेल मिळाला. फोन लागणार नाही म्हणालास, म्हणून पूर्वीसारखं सविस्तर लिहिते आहे. तुझ्या सवडीने उत्तर दे, पण या एका गोष्टीचं जरा लवकर दे.

आपली व्हॅन पुन्हा तापली. सोमवारी बाबांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेत होते, तर माणिकपूरच्या चौकात बॉनेटमधून वाफ. बाबा आत बसून विचारतात, ‘हेमांगी, चहा ठेवलायस का?’ लोक हसत होते. मला रडू येत होतं.

ॲन्सेल्मच्या गॅरेजमध्ये ढकलत नेली. त्याने रेडिएटर उघडून दाखवला. आत नुसता गंज आणि पांढरे थर. ‘टीचर, तुम्ही विहिरीचं पाणी घालत आलात. सांडोरचं पाणी आता मचूळ झालंय, ते माणसाला चालत नाही तर इंजिनाला कसं चालेल?’ त्याने रेडिएटर बदलायला घेतला आहे. आता पाणी नको, कूलंटच घाला म्हणतो. दुकानात हिरवं आहे, लाल आहे. तयार मिळतं, आणि पाणी मिसळून करायचं घट्टही मिळतं. ॲन्सेल्म म्हणतो हिरवं घ्या, सगळे तेच घेतात. तू एवढा इंजिनीअर घरात असताना मी त्याचं का ऐकू?

बाबा तसेच. साखर वाढली म्हणून डॉक्टरांनी गोड पूर्ण बंद केलं, आणि तेव्हापासून त्यांना दुसरं काही आठवतच नाही. माझं नावही अधूनमधून विसरतात, पण गुळाचा डबा कुठे लपवला ते शोधून काढतात. परवा मुंग्यांसकट गूळ खाल्ला. मार्सेलकाका सकाळी येऊन आपल्या मित्राजवळ बसतात, तेवढाच मला शाळेत जायला वेळ. त्यांचं स्वतःचं पिणं सुटलेलं नाही, पण आपल्या घरी कधी पिऊन येत नाहीत. बाबांना मात्र सोडून अकरा वर्षं झाली. ते एक बरं.

तुझी,
ताई


अरबी समुद्र
९ एप्रिल २०२४

प्रिय ताई,
सा. न.

ॲन्सेल्मला सांग, रंग बघून कूलंट घेत नाहीत. रंग म्हणजे कंपनीने घातलेला शाईचा थेंब. बाटलीच्या मागे काय लिहिलंय ते महत्त्वाचं. आपल्या गाडीच्या इंजिनाचं हेड ॲल्युमिनियमचं आहे. तिला जास्त टिकणारं, ॲल्युमिनियमला चालेल असं लिहिलेलं लागेल. तुझ्या दुकानात ते बहुतेक लाल असेल. तेच घे. हिरवं आणि लाल एकत्र कधीही करू देऊ नकोस, आत चिकट गाळ होतो आणि नवा रेडिएटर वर्षभरात तुंबतो.

तयार घेऊ नकोस, त्यात निम्मं पाणीच असतं. घट्ट घे, आणि बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर. निम्मं-निम्मं. गाडीत चार लिटर बसेल. पाच लिटर बनवायला सांग. उरलेलं एक लिटर बंद बाटलीत जपून ठेव, पातळी खाली गेली की तेच घालायचं. उन्हात ठेवू नकोस, घरात गार जागी ठेव. इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, तोंड भाजेल. एवढं केलंस की तीन वर्षं बघायला नको.

इथे मी रोज हेच करतो गं. पाण्यात काय मिसळलंय, किती मिसळलंय. एवढं मोठं इंजिन, पण त्याला सांभाळायचं म्हणजे शेवटी पाणीच सांभाळायचं.

बाबांना नमस्कार. ओळखतील तेव्हा सांग.

परेश


सांडोर
१६ एप्रिल २०२४

चि. परेश,

तुझा मेल छापून ॲन्सेल्मच्या हातात दिला. त्याने चष्मा लावून दोनदा वाचला आणि म्हणाला, ‘भाऊ शिकलेला आहे.’ लाल घातलं. बादलीत पाच लिटर केलं, उरलेल्यासाठी त्याच्याकडे बाटली नव्हती. गाडीत बाबांच्या पाण्यासाठी सरबताची काचेची बाटली होती, तीत भरून दिलं. व्हॅन आता अर्नाळ्यापर्यंत जाऊन आली तरी तापमानाचा काटा मधल्या खुणेच्या वर जात नाही. बाबांना समुद्र दाखवला. ‘परेश यातच आहे का?’ म्हणाले. मी हो म्हटलं.

बाकी ठीक. निकालाची कामं सुरू आहेत.

ताई


सांडोर
२ मे २०२४, सकाळ

परेश,

लिहायला हात उचलवत नाही. काल बाबा प्यायले.

एक मे म्हणून शाळेत झेंडावंदन आणि मग निकाल. मार्सेलकाकांना बाबांजवळ बसवून गेले होते. ते अकराला घरी गेले, मी दीडला आले. तेवढ्यात काय ते झालं. बाबा पलंगावर बसून हसत होते. उठायला गेले ते भिंतीवर आपटले. जीभ जड, एक शब्द धड नाही. ओकले. परेश, मी सातवीत होते तेव्हाचे बाबा डोळ्यांसमोर उभे राहिले. तीच चाल, तेच हसणं.

मी खूप बोलले त्यांना. बोलू नये ते बोलले. मग खोलीत निजवलं आणि बाहेरून कडी घातली, पुन्हा बाहेर पडून लोकांना दिसू नयेत म्हणून.

आता झोपलेत. श्वास जोरात चालला आहे. डॉक्टरला बोलावू का? तुझं उत्तर लगेच येईल का ते माहीत नाही.

ताई


२ मे २०२४

ताई,

मेल आत्ताच उघडला. डॉक्टर बोलावून काय सांगणार, सत्तरीतला म्हातारा पिऊन पडलाय? गावभर होईल. झोपू दे. आई काय करायची आठवतंय ना? लिंबूपाणी आणि दुसऱ्या दिवसापर्यंत तोंड न बघणं. तेच कर.

मार्सेलकाकांशिवाय दुसरं कोण देणार? त्यांना आधी घराबाहेर काढ. अकरा वर्षं! आईच्या चितेसमोर शपथ घेतली होती या माणसाने. खरं सांगू, मला आश्चर्य वाटत नाहीये. त्याचंच जास्त वाईट वाटतंय.

तू रडू नकोस. निजून उठले की ठीक होतील.

परेश


सांडोर
११ मे २०२४

चि. परेश,

बाबा गेल्याचा निरोप तुझ्या कंपनीने पोहोचवला आणि तुझा दोन मिनिटांचा फोनही आला, पण त्यात मला काहीच सांगता आलं नाही. म्हणून लिहिते.

तुझ्या मेलप्रमाणे मी दोन तारखेला त्यांना झोपू दिलं. रात्री हाक मारली तर डोळे उघडले, पण मी दिसत नव्हते त्यांना. तीन तारखेच्या सकाळी लक्षात आलं की कालपासून लघवी झालेली नाही. व्हॅनमध्ये घालून हॉस्पिटलात नेलं. किडन्या बंद पडल्या आहेत म्हणाले. डॉक्टरांनी विचारलं, काय झालं होतं? मी म्हटलं, दारू प्यायले. कुठली? देशी असेल, मित्राने पाजली. त्यांनी ते कागदावर लिहिलं. साखरेने किडन्या आधीच नाजूक असणार, त्यात हे, असं म्हणाले. डायलिसिसवर घेतलं, पण उपयोग झाला नाही. पाच तारखेला दुपारी गेले.

तू समुद्रावर, म्हणून अग्नी मीच दिला.

मार्सेलकाका आले होते. पांढरा शर्ट घालून, हातात झेंडूचा हार. मी फाटकातच अडवलं. सगळी आळी उभी होती, आपली माणसं, त्यांची चर्चची माणसं. मी म्हटलं, ‘तुम्ही मारलंत माझ्या बापाला. पाजून मारलंत. आता हार आणलात?’ ते म्हणाले, ‘बाय, मी नाय दिली.’ एवढंच. उर्सुलाकाकी त्यांच्या मागे होत्या. त्यांनी हार त्यांच्या हातातून काढून घेतला आणि त्यांना न घेताच परत फिरल्या.

बाराव्यालाही त्यांना बोलावणार नाही.

ताई


१९ मे २०२४

ताई,

बरं केलंस.

मला रडू आलं नाही. इंजिन रूममध्ये काम करत होतो, करतच राहिलो. चीफ इंजिनीअर म्हणाला, केबिनमध्ये जा. मी म्हटलं, कशाला? जो माणूस अकरा वर्षांनी पुन्हा बाटलीकडेच गेला, त्याच्यासाठी?

तुझ्या जिवाला जप. ऑगस्टमध्ये उतरतो.

परेश


सांडोर
२२ जून २०२४

चि. परेश,

महिनाभर लिहिलं नाही. शाळा सुरू झाली.

एक विचारायचं आहे. व्हॅनमध्ये कूलंट किती बसतं म्हणाला होतास? पाच लिटर केलं तर किती उरायला हवं? आणि बंद बाटलीतून ते आपोआप कमी होतं का, पेट्रोल उडतं तसं?

कळव.

ताई


२५ जून २०२४

ताई,

हे आता कुठून काढलंस? गाडी पुन्हा तापतेय का?

चार बसतं, एक लिटर उरायला हवं. बंद बाटलीतून उडत नाही, वर्षभर ठेवलंस तरी तेवढंच राहील. कमी दिसत असेल तर ॲन्सेल्मने गाडीत घातलं असेल. त्याला विचार.

परेश


सांडोर
३० जून २०२४

परेश,

ॲन्सेल्मला विचारलं. त्याने घातलेलं नाही. मीही नाही.

बाटलीत तीन बोटं उरलं आहे.

आता सगळं सांगते, तू मधे काही समजूत घालू नकोस. तू गार जागी ठेव म्हणालास म्हणून मी ती बाटली मागच्या खोलीत माठाशेजारी ठेवली होती. सरबताचीच बाटली, तिच्यावर अजून गुलाबाचं चित्र होतं. आत लाल. मी तिच्यावर चिठ्ठी चिकटवली नाही. मला ते विष आहे हे माहीतच नव्हतं. पाण्यातच मिसळतात, तर साबणाच्या पाण्यासारखं काहीतरी असेल एवढंच वाटलं होतं. गूळ लपवला, साखर कपाटात कुलपात ठेवली, आणि हे त्यांच्या हाताशी ठेवलं.

वीस तारखेला पातळी बघायला बॉनेट उघडलं, थोडं कमी वाटलं म्हणून बाटली आणली. तोंडाजवळचा भाग चिकट होता, त्यावर मुंग्या मरून पडल्या होत्या. मी बोट लावून जिभेवर ठेवलं. गोड आहे, परेश. सरबतासारखं नाही, पण गोड आहे.

मग ॲन्सेल्मकडे जाऊन नव्या डब्याच्या मागचं वाचलं. तू वाच म्हणाला होतास ते मी वाचलंच नव्हतं, त्यानेच वाचून घेतलं होतं. बारीक अक्षरात सगळं लिहिलं आहे. तरी तुला विचारलं. मनात आशा होती की तू म्हणशील, उडून जातं.

आणि एक. हे मी तुलाच काय, स्वतःलाही सांगितलं नव्हतं. त्या दिवशी बाबांच्या तोंडाला वास नव्हता. मी त्यांचं तोंड पुसलं, ओकारी काढली, चादर बदलली. दारूचा वास मी झोपेतही ओळखीन, तूही ओळखशील. तो नव्हता. आणि मला ते जाणवलं होतं. क्षणभर थांबले होते मी. मग वाटलं, आता वास न येणारं काहीतरी मिळत असेल. मला रागवायचं होतं. लहानपणी कधी रागावता आलं नव्हतं, ते सगळं त्या दिवशी रागावले. एका आजारी, मरत असलेल्या माणसावर. मग बाहेरून कडी घातली.

संध्याकाळी त्यांनी आतून दार वाजवलं होतं. तीनदा. मी उघडलं नाही.

ताई


८ जुलै २०२४

ताई,

तुझा मेल येऊन आठ दिवस झाले. आठही दिवस लिहायला बसलो आणि उठलो.

तुला माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

जहाजावर लाइफबोटच्या इंजिनात आम्ही हेच घालतो. त्याच्या पिंपावर कवटीचं चित्र आहे. हातमोज्यांशिवाय मी त्याला हात लावत नाही. नव्या पोरांना पहिल्या दिवशी मीच सांगतो, हे गोड असतं, याचा थेंब तोंडात जाऊ देऊ नका. चौदा वर्षं सांगतोय. तुझ्या मेलमध्ये मी रंग सांगितला, हेड कशाचं ते सांगितलं, गाळ सांगितला, उन्हात ठेवू नको सांगितलं. माझा तो मेल काल पुन्हा उघडून वाचला. झाकण उघडताना तोंड भाजेल हेसुद्धा लिहिलंय. फक्त हे गोड विष आहे, एवढं एक वाक्य त्यात नाही. बाबा गुळामागे घर उलथवतात हे तू त्याच पत्रात लिहिलं होतंस, ते वाचूनच मी उत्तर लिहिलं. माझं लक्ष तुझ्या रेडिएटरवर होतं. आपल्याला किती कळतं ते दाखवण्यावर होतं.

तयार कूलंट घेतलं असतंस तर हवं तेवढं मिळालं असतं, उरलंच नसतं. तेही मीच नको म्हटलं.

आणि दुसरं. तू डॉक्टरला बोलावू का विचारलंस. मी झोपू दे म्हणालो. इथे जहाजावर औषधांचं एक पुस्तक असतं, त्यात या विषावर पाऊण पान आहे. माणूस आधी प्यायल्यासारखा दिसतो, असं पहिल्याच ओळीत लिहिलंय. झोकांड्या, जड जीभ, ओकाऱ्या. पहिल्या काही तासांत औषध मिळालं तर बहुतेक वाचतो. माझा मेल तुला मिळाला तेव्हा कदाचित उशीर झालेला होता, कदाचित नव्हता. हे मला कधीच कळणार नाही. तुझ्याच मेलमध्ये सगळं होतं, आणि श्वास जोरात चाललाय हेही होतं. मी फक्त ‘प्यायले’ एवढाच शब्द वाचला.

बाबांनी शपथ मोडली नव्हती. ते सरबत समजून प्यायले आणि आपण दोघांनी त्यांना दारुडा म्हणून जाळलं.

आता मला रडू येतं. चीफ विचारतो काय झालं, सांगता येत नाही.

मार्सेलकाकांना काय सांगायचं? मी येईपर्यंत थांब, असं लिहिणार होतो. ते खोडलं. तुला जमेल तसं कर.

परेश


सांडोर
२८ जुलै २०२४

चि. परेश,

मी थांबले नाही.

मागच्या शनिवारी मार्सेलकाकांकडे गेले. दार उघडंच होतं. ते एकटे बसले होते. उर्सुलाकाकी मे महिन्यापासून नंदाखालला मुलीकडे, बेलाकडे, राहायला गेल्या आहेत. मला वाटलं, ते मला हाकलतील. त्यांनी खुर्ची पुसून दिली.

मी सगळं सांगितलं. बाटली, माठाशेजारची जागा, कडी. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, ‘बाय, पण मी तर कबूल करून आलो.’

मला कळेना. म्हटलं, काय कबूल केलंत?

‘फादरांपुढे. कन्फेशनला. आधी मी सगळ्यांना सांगायचो, मी नाय दिली. पण त्या दिवशी सकाळी मी घरनं थोडी पिऊन आलो होतो. खिशात बाटली होती का, आठवत नाय. मला सकाळचं दुपारी आठवत नाय आता. तू एवढी शिकलेली टीचर, तू सगळ्यांसमोर बोललीस. उर्सुला म्हणाली, आठव, आठव. मी आठवत बसलो. आठवता आठवता मला दिसायलाच लागलं, मी विठ्ठलला, तुझ्या बापाला, ग्लास देतोय, तो घेतोय. मग जाऊन सांगितलं फादरांना, मी माझ्या मित्राला मारला.’

परेश, ते हे सगळं अगदी सावकाश, समजावून सांगितल्यासारखं सांगत होते. मी त्यांच्या पायाशी बसले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला नाही. हात मांडीवरच होते.

रविवारी नंदाखालला गेले. उर्सुलाकाकींनी ओट्यावरूनच ऐकलं. आत ये म्हणाल्या नाहीत. शेवटी म्हणाल्या, ‘आमच्या माणसाला तू चारचौघांत बोललीस. शेजारणी माझ्याशी बोलायच्या बंद झाल्या. मीही त्याच्यावर विश्वास ठेवला नाही, चाळीस वर्षं संसार केलेल्या माणसावर. आता हे तू माझ्या ओट्यावर हळूच सांगतेस?’

त्यांचं बरोबर होतं.

म्हणून आज सकाळी मिस्सा सुटल्यावर चर्चच्या बाहेर उभी राहिले. आधी आपल्या आळीतल्या माणसांनाही यायला सांगितलं होतं. तीस-चाळीस जण थांबले असतील. मी वर्गात बोलते तशी बोलायला लागले. म्हटलं, माझ्या वडिलांना मार्सेलकाकांनी काही पाजलेलं नाही. गाडीचं कूलंट मी सरबताच्या बाटलीत भरून घरात ठेवलं होतं, ते माझे वडील प्यायले. ते दारू प्यायले आहेत असं समजून मी त्यांना कोंडून ठेवलं. माझे वडील त्या दिवशी दारू प्यायले नव्हते. अकरा वर्षं प्यायले नव्हते.

एक बाई रडायला लागल्या. मागून कुणीतरी म्हणालं, पोलिसांत जायला हवं हिने. मीही तेच ठरवलं आहे. उद्या आधी हॉस्पिटलच्या डॉक्टरांना भेटून कागदावरचं कारण बदलून घ्यायला सांगणार आहे, मग वसईला पोलीस ठाण्यात. काय व्हायचं ते होईल.

उर्सुलाकाकी आल्या होत्या. मार्सेलकाकांपासून दोन हात लांब उभ्या होत्या, पण घरी गेल्या त्या त्यांच्याबरोबर. काका जाताना माझ्याजवळ थांबले. म्हणाले, ‘तू सांगितलंस ते ऐकलं मी. पण मला अजून दिसतो तो, ग्लास घेताना. ते कसं जाणार?’

एक तुला सांगायचं राहिलं. सगळ्यांसमोर मी तुझं नाव घेतलं नाही. लाल घे कुणी सांगितलं, गार जागी ठेव कुणी सांगितलं, डॉक्टर नको कुणी म्हटलं, यातलं काहीही बोलले नाही. तुला वाचवण्यासाठी नाही. मी माझं तेवढं सांगितलं. तुझं माझ्या तोंडून येणं बरोबर नाही.

ऑगस्टमध्ये उतरलास की आधी घरी येऊ नकोस. सामान घेऊन तसाच मार्सेलकाकांकडे जा. मी दोघांनाही सांगून ठेवलं आहे, परेश येणार आहे, त्याला तुमच्याशी बोलायचं आहे.

तुझी,
ताई